कांद्याची शिल्लक, खिडकीतली पात

मराठीत जिला कांद्याची पात म्हणतात आणि हुबळी-धारवाडच्या भाजीबाजारात जिची जुडी 'उळ्ळागड्डी तप्पल' या नावाने मागितली जाते, ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोणतीही वेगळी भाजी नाही. कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये ज्या वनस्पतीला 'अ‍ॅलियम सेपा' हे नाव दिले त्याच कांद्याची, गड्डा भरण्यापूर्वी उपटलेली किंवा भरलेल्या गड्ड्यातून पुन्हा फुटलेली पोकळ हिरवी पाने म्हणजे पात. चीन आणि जपानमध्ये केवळ पातीसाठी जी वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या लावली जाते ती मात्र निराळी आहे. 'अ‍ॅलियम फिस्टुलोसम' या शास्त्रीय नावाच्या आणि जपानी भाषेत 'नेगी' म्हटल्या जाणाऱ्या त्या वनस्पतीला कांद्यासारखा गोल गड्डा धरतच नाही. घरात, खिडकीच्या उजेडावर पात वाढवण्याचा विचार करताना हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो, कारण नेगीला पाने वाढवायची तर रोजचे अन्न रोज कमवावे लागते, आणि भारतीय स्वयंपाकघरातल्या कांद्याने मात्र शेतात असतानाच बरेच काही कमावून पोटात साठवलेले असते. घरातल्या पातीचे सगळे गणित या साठ्यावर उभे आहे, आणि ते गणित ध्यानात आले की पाणी, उजेड, माती, कापणी यांविषयीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

उत्तर कर्नाटकात कांद्याला 'उळ्ळागड्डी' आणि दक्षिण कर्नाटकात 'ईरुळ्ळी' म्हणतात. 'उळ्ळी' हा कांदा-लसणाच्या कुळाचा शब्द, 'गड्डे' म्हणजे जमिनीखाली भरणारा कंद, आणि 'तप्पल' म्हणजे पाला किंवा पालेभाजी. 'लसणाचा गड्डा' म्हणणाऱ्या मराठी माणसाला यातला दुसरा शब्द परका वाटत नाही, आणि महाराष्ट्रातले शेतकरी कांद्याच्या बियाण्याला 'उळे' म्हणतात त्यातही या 'उळ्ळी'चा पडसाद ऐकू येतो. व्युत्पत्तीचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांचा आहे, पण १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या हुबळी-धारवाडच्या भागात दोन्ही भाषा एकाच चुलीभोवती बोलल्या गेल्या आहेत हे विसरता येत नाही. ताटाच्या बाबतीतही तेच दिसते. ज्वारीच्या भाकरीबरोबर मेथीची कोवळी पाने, काकडी, मुळा आणि कांद्याची पात कच्चीच वाढण्याची या भागातली रीत, पातीत हरभऱ्याची डाळ घालून किंवा वरून बेसन पेरून केलेली मराठी घरांतली भाजी, आणि संध्याकाळच्या गाड्यांवर गोबी मंचुरियनवर भुरभुरली जाणारी बारीक चिरलेली पात, या तिन्ही ठिकाणी लागणारे प्रमाण थोडे असते पण ती ताजी असावी लागते. आणि पात तर जुडीने विकत घेतली की दुसऱ्या दिवशी मान टाकते. घरात ती वाढवण्याला अर्थ येतो तो या कारणाने.

कांदा शेंड्यापासून तळापर्यंत उभा चिरला तर तळाशी एक घट्ट, पांढुरकी, काही मिलिमीटर जाडीची चकती दिसते. कांद्याचे खरे खोड ते एवढेच. त्या चकतीच्या खालच्या बाजूने मुळ्या निघतात आणि वरच्या बाजूने एकात एक बसलेले मांसल पापुद्रे. यातला प्रत्येक पापुद्रा हा एकेका पानाचा फुगलेला तळ आहे, आणि बाहेरचे लालसर कोरडे टरफल म्हणजे त्याच पानांचे सुकून गेलेले, पहारेकऱ्यासारखे उरलेले तळ. पापुद्र्यांच्या अगदी मध्यभागी, चकतीला चिकटून, वाढीचा बिंदू असतो. सतत विभागणाऱ्या पेशींचा हा सूक्ष्म पुंजका जागा झाला की त्यातून नवी पाने निघतात आणि कांद्याच्या मानेतून वर येतात, त्यालाच कोंब फुटणे म्हणतात. पुष्कळ कांद्यांत असे बिंदू एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकातून पानांचा स्वतंत्र झुपका निघतो. बाजारात ज्याला 'जोड कांदा' म्हणून कमी भाव मिळतो, तो पातीसाठी मात्र अधिक उपयोगी ठरतो, कारण एकाच गड्ड्यातून दोन-तीन झुपके मिळतात. टोपलीतून कांदा निवडताना हात लावून पाहिल्यास अशा कांद्याच्या अंगावर दोन फुगवटे सहज जाणवतात. चकती मात्र शाबूत असली पाहिजे. भाजीसाठी चिरताना बुडखा जाडसर, बोटभर उंचीचा राखला तर त्यालाही मुळ्या आणि पाने फुटतात, पण बुडखा नुसता खरवडून काढला असेल तर वाढीचा बिंदूच गेलेला असतो आणि उरलेल्या पापुद्र्यांना पाण्यात कितीही दिवस ठेवले तरी ते कुजण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.

पात पुन्हा पुन्हा कापता येते याचे कारण तिच्या वाढण्याच्या पद्धतीत आहे. आंब्याची फांदी टोकाशी वाढते, म्हणून शेंडा खुडला की तिची त्या दिशेची वाढ थांबते. कांद्याचे पान गवताच्या पात्याप्रमाणे तळाशी वाढते, म्हणजे नवा भाग मानेच्या आत तयार होतो आणि जुना भाग वर ढकलला जातो, त्यामुळे पानाचे टोक हा त्याचा सर्वांत वयस्कर भाग असतो. याची खात्री करून घ्यायची असेल तर वाढत्या पानावर शाईने एकेक सेंटिमीटरवर खुणा कराव्यात. चार दिवसांनी खुणांमधले अंतर तेवढेच राहिलेले दिसते, पण सर्वांत खालच्या खुणेखाली कोरे हिरवे पान आलेले असते. कोवळे पान कापले तर तेही वर सरकत राहते, फक्त त्याचे टोक बोथट असते, आणि त्याच्या पोटातून पुढचे पान टोकदार निघते. म्हणून कापणी मानेच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, धारदार कात्रीने करावी, आणि सगळा झुपका एकदम न कापता बाहेरची जुनी पाने आधी घेऊन मधले कोवळे पान राखावे. हाताने ओढून तोडल्यास पानाचा खोळीसारखा तळ फाटतो आणि त्या फटीतून पाणी शिरून मान सडते.

आता साठ्याविषयी. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला तर ती निळी-काळी होते, कारण बटाट्यात स्टार्च असतो. कांद्याची फोड तशी होत नाही. कांदा आपले अन्न स्टार्चच्या रूपात साठवतच नाही, ते ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर आणि 'फ्रुक्टान' नावाच्या फ्रुक्टोजच्या साखळ्यांच्या रूपात पेशींतल्या पाण्यात विरघळलेले असते, आणि कांदा मंद आचेवर परतला की गोड का लागतो याचे उत्तरही यातच आहे. कोंब जागा होताना या साखळ्या तुटतात, सुटी साखर चकतीकडे वाहते आणि तिथे नव्या पानांचे शरीर तयार होते. शंभर ग्रॅमच्या कांद्यात साधारण ८६ ते ८८ ग्रॅम पाणीच असते, म्हणजे घन पदार्थ जेमतेम १२ ते १४ ग्रॅम. त्यातला काही भाग श्वसनात खर्च होतो, काही मुळ्यांसाठी जातो, काही टरफलात अडकून राहतो, आणि निम्मा जरी पानांपर्यंत पोहोचला असे धरले तरी, पानात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असल्यामुळे, त्यातून साठ-सत्तर ग्रॅम पात निघते. हा हिशेब ढोबळ आहे, पण एका कांद्याकडून केवळ पाण्यावर किती अपेक्षा ठेवावी याची मर्यादा तो दाखवतो. पहिली कापणी दहा-पंधरा दिवसांत भरघोस येते, दुसरी बारीक, तिसरी फिकट आणि लवलवीत. तोवर गड्डा हाताला मऊ लागू लागतो, पापुद्रे कागदासारखे होतात आणि शिल्लक संपलेली असते.

कांदा अंधाऱ्या कपाटातही फुटतो, याचा अर्थ पहिली पाने निघायला उजेड लागत नाही. त्यांचा हिरवेपणा मात्र उजेडावरच अवलंबून असतो, कारण हरितद्रव्य तयार होण्याची अखेरची पायरी कांद्याच्या पानात उजेडाशिवाय पुरी होत नाही, आणि अंधारातली पात पिवळट व दुबळी राहते. हा फरक डोळ्यांपुरता नाही. कांद्याच्या पांढऱ्या गड्ड्यात ज्याचा जवळपास अभावच असतो ते बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य, आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला लागणारे के जीवनसत्त्व, ही दोन्ही हिरव्या पानांत मिळतात. कपाटातला कोंब आणि खिडकीतली पात एकाच कांद्याची असली तरी आहाराच्या दृष्टीने ती एक नव्हेत.

टोपलीतला कांदा कधी फुटतो आणि कधी महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो, हे योगायोगावर सोडलेले नसते. काढणीनंतर प्रत्येक कांदा काही काळ सुप्तावस्थेत जातो. त्या काळात वाढ रोखणारी संप्रेरके, विशेषतः अ‍ॅब्सिसिक आम्ल, आत अधिक असतात आणि साठवणीत ती हळूहळू ओसरत जातात. सुप्तावस्था संपल्यावर तापमान निर्णायक ठरते, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या समजुतीच्या उलट आहे: कांद्याला कोंब सर्वांत लवकर फुटतो तो १० ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर गोठणबिंदूजवळ आणि ३० अंशांच्या वर तो मंदावतो. म्हणूनच हुबळीच्या चैत्र-वैशाखात, जेव्हा पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा टोपलीतला कांदा सुकतो, हलका होतो, पण सहसा फुटत नाही. आणि मृगाचा पाऊस लागून हवा गार व दमट झाली की जुलै-ऑगस्टात घरोघरी कांदे डोके वर काढतात. तोवर रब्बीचा साठवणीचा कांदा काढून तीन-चार महिने झालेले असतात, म्हणजे त्याची झोपही पुरी झालेली असते.

धारवाड जिल्हा आणि त्याला लागून असलेले गदग व हावेरी हे कर्नाटकातले महत्त्वाचे कांदा-प्रदेश आहेत, आणि इथला मुख्य हंगाम खरिपाचा आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी रोपवाटिकेत रोप तयार करून ते वाफ्यात लावतात. या भागातल्या काळ्या जमिनीत मात्र जून-जुलैच्या पावसावर कांद्याचे बी थेट पेरण्याची पद्धत रूढ आहे, आणि सप्टेंबरपासून पुढे तो माल हुबळीजवळच्या अमरगोळच्या बाजार समितीत येऊ लागतो. खरिपाचा कांदा रसाळ, पातळ टरफलाचा आणि टिकायला कच्चा असतो, त्याची सुप्तावस्थाही आखूड असते, आणि काढणीच्या वेळी पाऊस लांबला तर त्याची नासाडी मोठी होते. २०१९ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीने उत्तर कर्नाटकातले पीक असेच बुडाले, महाराष्ट्रातही तीच गत झाली, केंद्र सरकारने २९ सप्टेंबर रोजी निर्यात बंद केली, आणि तरीही डिसेंबरात अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला. टिकाऊपणाचा हा दोष पातीच्या बाबतीत मात्र गुण ठरतो: दिवाळीनंतर बाजारात आलेला लाल कांदा आणून ठेवला तर धारवाडच्या थंडीत तो फार वाट पाहायला लावत नाही. याच्या अगदी विरुद्ध टोकाला लासलगावचे उदाहरण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तिथे उभारलेल्या 'कृषक' या विकिरण केंद्रात कांद्यावर गॅमा किरणांची अल्प मात्रा सोडली जाते, तिने खाण्याच्या दृष्टीने कांदा बदलत नाही पण वाढीच्या बिंदूतल्या पेशींची विभागण्याची शक्ती कायमची जाते. असा कांदा पाण्यात ठेवला तर त्याला पात येत नाही. टिकणारा कांदा आणि फुटणारा कांदा या दोन परस्परविरोधी अपेक्षा आहेत.

पाण्यावर पात धरण्याची कृती साधी आहे. काचेचा पेला किंवा रुंद तोंडाची बरणी घेऊन तिच्या तोंडावर कांदा असा बसवावा की पाणी फक्त चकतीला लागेल आणि गड्ड्याचे अंग कोरडे राहील. कांदा लहान असेल तर त्यात आडव्या काड्या टोचून त्याला आधार द्यावा. तळाच्या जुन्या वाळक्या मुळ्या नखाने खरवडून काढल्या आणि बाहेरचे सैल टरफल सोलले तर नव्या मुळ्या तीन ते सहा दिवसांत निघतात. पेशीविभाजन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यासाठी महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळांत कांदे नेमके याच पद्धतीने पाण्यावर ठेवले जातात, कारण ताज्या मुळीच्या टोकाइतक्या भराभर विभागणाऱ्या पेशी इतक्या सहज दुसरीकडे मिळत नाहीत; धारवाडच्या, १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक कॉलेजात विज्ञान शिकलेल्या कोणालाही ही बरणी पाहून परीक्षेची आठवण व्हावी. बाजारातून पातीचा कांदा आणला असेल तर काम आणखी सोपे होते: मुळ्यांसकट पांढरा भाग बोटाच्या दोन पेरांएवढा राखून, तो चार-पाचच्या जुडीने उभा पाण्यात ठेवला की दुसऱ्याच दिवशी मधले पान वर सरकलेले दिसते. मात्र अशा कोवळ्या बुंध्यात साठा अगदी थोडा असल्यामुळे एका कापणीनंतर त्याला मातीत हलवणे श्रेयस्कर.

पाणी बदलणे ही या कृतीतली एकमेव काटेकोर बाब आहे, आणि तिला दोन कारणे आहेत. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू मुळ्या आणि जिवाणू मिळून संपवतात, मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात, चकती बुळबुळीत होते आणि कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे खोलीभर दुर्गंध सुटतो, हे पहिले. दुसरे याहून गंभीर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्याच स्वच्छ, थोड्याशा साचलेल्या पाण्यात, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. हुबळी-धारवाडला सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणातून पाणी येते आणि ज्या वस्त्यांत ते काही दिवसांच्या अंतराने सुटते तिथे घराघरांत पाणी साठवून ठेवावेच लागते, अशा ठिकाणी खिडकीत आणखी एक उघडी बरणी विसरून राहणे शेजाऱ्यांच्याही प्रकृतीवर बेतू शकते. म्हणून पाणी दोन दिवसांआड बदलावे, आणि बदलताना भांडे आतून घासावे, कारण कडेला चिकटलेली अंडी नुसत्या विसळण्याने जात नाहीत. काढलेले पाणी तुळशीला किंवा कुंडीला घालता येते. पाणीटंचाईच्या घरातही या छंदाला दिवसाला अर्ध्या पेल्याहून अधिक पाणी लागत नाही.

उजेडाचा प्रश्न मात्र दोन्ही शहरांत आणि घराच्या प्रत्येक भिंतीला वेगळा आहे. धारवाड सुमारे साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि वर्षाच्या उरलेल्या काळात दक्षिणेला. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तो दुपारी क्षितिजापासून फक्त ५१ अंश वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन हिवाळ्यात खोलीच्या आत बरेच शिरते; जूनमध्ये तो जवळपास ८२ अंशांवर, तोही उत्तरेच्या बाजूला असल्यामुळे, त्याच दक्षिण खिडकीत उन्हाचा कवडसाही पडत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की हिवाळ्यात पातीची बरणी दक्षिणेच्या खिडकीत, उन्हाळ्यात पूर्वेच्या खिडकीत ठेवावी, आणि उत्तरेच्या खिडकीवर फक्त मे ते ऑगस्टमध्ये भिस्त ठेवावी. पश्चिमेचे ऊन हुबळीच्या एप्रिलमध्ये टाळलेलेच बरे, कारण त्याने पेल्यातले पाणी कोमट होते आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, मलनाडच्या डोंगराळ, पावसाळी पट्ट्याच्या कडेला आहे, आणि हुबळी त्याहून शंभरेक मीटर खाली, पूर्वेकडच्या कोरड्या पठाराकडे झुकलेली. अंतर वीस किलोमीटरचे, पण श्रावणातली धारवाडची झिमझिम आणि हुबळीची उघडीप यांत पातीला फरक पडतो. धारवाडला त्या दिवसांत पात लांब, मऊ आणि वाकलेली होते. झाड उजेडाच्या शोधात ताणले जात असल्याचे ते लक्षण आहे, आणि त्यावर उपाय खत वाढवण्याचा नसून बरणी काचेच्या अधिक जवळ नेण्याचा आहे. मानवी डोळा कमी उजेडाला इतका सहज सरावतो की खिडकीपासून दीड-दोन मीटर आतला ओटा आपल्याला उजळ वाटतो, प्रत्यक्षात तिथे पोहोचणारा प्रकाश खिडकीतल्या प्रकाशाच्या एका लहान अंशाएवढाच असतो. डासांची जाळी बसवली असेल तर ती आणखी वाटा खाते.

ज्या खोलीला खिडकीच धड नाही, आणि धारवाडच्या सप्तापूर भागात स्पर्धा परीक्षांसाठी राहणाऱ्या मुलामुलींच्या कित्येक खोल्या अशाच असतात, तिथे साधी पांढरी एलईडी ट्यूब झुपक्याच्या वर वीतभर अंतरावर टांगून दिवसातून दहा-बारा तास लावली तरी पात हिरवी राहते. त्याहून अधिक वेळ लावण्यात हशील नाही. कांदा दिवसाची लांबी पानांनी मोजतो आणि दिवस एका मर्यादेपलीकडे लांबला की नवी पाने काढण्याऐवजी गड्डा भरण्याकडे वळतो. भारतातल्या जाती त्यासाठी सुमारे बारा तासांच्या दिवसावर समाधानी असतात, युरोपातल्या उत्तरेकडच्या जातींना चौदा-सोळा तास लागतात. धारवाडचा सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा, म्हणून परदेशी पाकिटातले लांब दिवसाच्या जातीचे बी इथे गड्डा धरत नाही. ज्याला फक्त पातच हवी त्याला असे बी मिळाल्यास वाईट वाटण्याचे कारण नाही.

शिल्लक संपायच्या आत कांदा मातीत हलवला तर गणित बदलते, कारण मग पाने स्वतः कमावू लागतात आणि मुळ्यांना नत्र, पालाश, गंधक मिळू लागते. कांद्याच्या मुळ्या उथळ आणि जवळपास बिनफांदीच्या असतात, त्यांना पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीची कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला आइस्क्रीमचा डबा पुरतो. हुबळीच्या आसपासची काळी माती शेतात उत्तम असली तरी डब्यात ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर भेगाळलेली होते, त्यामुळे तिच्यात निम्मे गांडूळखत आणि थोडी वाळू मिसळावी. धारवाडच्या पश्चिमेची तांबडी माती घेतल्यास वाळूची गरज पडत नाही. गड्डा निम्मा वर ठेवून लावावा, आणि एकमेकांना खेटून लावले तरी चालते, कारण इथे गड्डा मोठा करायचा नाही. गंधकाचा उल्लेख मुद्दाम करायला हवा. कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून येतो. चिरताना पेशी फुटल्या की ती संयुगे आणि एरवी वेगळ्या कप्प्यात असलेले विकर एकत्र येतात आणि त्यातून वास, चव व डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. तो वायू बनवणारे खास विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधून काढले. हे गंधक झाडाला जमिनीतूनच मिळते, म्हणून ज्या कुंडीत गंधकाचा पुरवठा नाही तिथली पात दिसायला चांगली पण चवीला सपक होत जाते. चिमूटभर जिप्सम मातीत मिसळल्याने हा दोष जातो.

बियांपासून पात करायची तर धीर लागतो. कांद्याचे काळे, कोनदार बी एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बसते आणि दमट हवेत वर्षभरात त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून पाकिटावरची तारीख पाहिल्याखेरीज ते घेऊ नये. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात बहुधा सप्टेंबरात कृषी मेळा भरतो आणि तिथे बियाण्यांची विक्री होते. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या 'भीमा' मालिकेतल्या किंवा बंगळूरच्या उद्यानसंशोधन संस्थेच्या 'अर्का' मालिकेतल्या जाती पातीसाठीही चालतात. बी अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरले की आठवडा-दहा दिवसांत दुमडलेल्या सुतासारखे हिरवे वेटोळे मातीबाहेर येते, मग ते सरळ होते, आणि काळे बी टोकाला टोपीसारखे अडकलेले दिसते. त्या पहिल्या सुतापासून पेन्सिलीएवढी पात व्हायला दोन महिने जातात. गड्ड्यात साठवलेली शिल्लक किती मोलाची असते हे या दोन महिन्यांच्या तुलनेत कळते: टोपलीतला कांदा पंधरवड्यात जे देतो, तेवढे कमवायला बियातून निघालेल्या रोपाला सबंध ऋतू लागतो.

घरातल्या पातीवर रोग-कीड कमी येते, पण येत नाही असे नाही. पानांवर चंदेरी पांढुरके ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचे काम असते. हे किडे पानांच्या बेचक्यात लपतात, म्हणून पाण्याची जोरदार धार मानेपाशी सोडावी आणि खाण्याच्या पानांवर कोणतेही रासायनिक औषध मारू नये. गड्ड्याच्या टरफलाखाली काजळीसारखी काळी पूड आढळली तर ती बुरशी असते; तो कांदा पाण्यात ठेवू नये. पानांची टोके वाळणे हा बहुधा रोग नसतो, सर्वांत जुना भाग आधी म्हातारा होत असतो एवढेच. कोंब आलेला बटाटा विषारी होतो म्हणून कोंब आलेला कांदाही टाकावा, अशी भीती काही घरांत बाळगली जाते. बटाट्यात हिरवेपणाबरोबर सोलॅनिन वाढते, कांद्यात ते द्रव्य नसतेच, त्यामुळे कुजलेला नसेल तर फुटलेला कांदा आणि त्याचा कोंब दोन्ही खाता येतात. खबरदारी घ्यायची ती पाळीव प्राण्यांची, कारण कांदा आणि त्याची पात कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसणे हा तर मांजराचा हक्कच असतो.

लांब हिवाळ्याच्या देशांत या बरणीला वेगळी प्रतिष्ठा आहे. रशियात बाहेर बर्फ असताना खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या पेल्यांत कांदे मांडून हिरवी पात मिळवण्याची जुनी घरगुती रीत आहे, आणि १९७० च्या दशकात सोव्हिएत अंतराळवीरांनी 'साल्युत' स्थानकांवर जी मोजकी झाडे वाढवून पाहिली त्यांत कांदा होता, याचे नवल वाटायला नको: स्वतःचे अन्न बरोबर घेऊन निघालेली वनस्पती प्रवासाला सोयीची असते.

मातीत लावलेल्या कांद्याला धारवाडच्या पौष-माघात कधी कधी पानांच्या मधून एक जाड, ताठ, मध्यावर फुगीर असा दांडा येतो. त्याला शेतकरी डेंगळा म्हणतात आणि गड्ड्याच्या पिकात तो नको असतो. गार रात्रींनी वाढीच्या बिंदूचा नूर पालटलेला असतो, पाने काढणे थांबवून त्याने फूल धरलेले असते. डेंगळा कोवळा असेपर्यंत चिरून पातीसारखाच भाजीत घालता येतो. कापला नाही तर त्याच्या टोकाचा पातळ पडदा फाटून बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू उमलतो, खिडकी उघडी असल्यास मधमाश्या आत येतात, आणि महिन्या-दीड महिन्याने त्या चेंडूतून काळे, कोनदार उळे तळहातावर झाडून घेता येते. जुना गड्डा तोवर मातीत पोकळ टरफलापुरता उरलेला असतो.